पंचेचाळिशीनंतर ट्रायथलॉन: शरीर ऐकतंय, घराचं काय?

दुसरी खेप | सोमवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

वय ४७. दीड वर्षापूर्वीपर्यंत माझा व्यायाम म्हणजे लिफ्ट बंद पडली तर जिने. मग एका मैत्रिणीला ट्रायथलॉनच्या रिलेसाठी पोहणारं माणूस कमी पडत होतं, तिने मला ओढलं. (रिलेत एक जण पोहतो, दुसरा सायकल मारतो, तिसरा पळतो.) मला शाळेपासून पोहता येत होतं, म्हणजे बुडत नव्हते. ७५० मीटर कसेबसे संपवून बाहेर आले, घोट्याची टायमिंग चिप सोडून मैत्रिणीच्या पायाला बांधली, ती सायकल घेऊन सुटली, आणि मला चक्क राग आला. माझं संपलं एवढ्यात?

तिथून लागलेलं हे वेड. आतापर्यंत दोन स्प्रिंट झाल्या (७५० मीटर पोहणं, २० किमी सायकल, ५ किमी पळणं) आणि गेल्या महिन्यात एक ऑलिंपिक (१.५, ४०, १०). वेळ ३ तास ३८ मिनिटं. वयोगटात शेवटून दुसरी. शेवटची जी होती तिची सायकल पंक्चर झाली होती, हे मी कुणाला सांगत नाही.

शरीराचं बरं चाललंय. अडलंय दुसरीकडे. रात्री साडेनऊला माझे डोळे मिटतात. घरात कुणाचं कुणाशी काय बिनसलं ते मला दोन दिवसांनी कळतं. बाथरूममध्ये कायम काहीतरी ओलं लटकत असतं. परवा मुलाने (वय १३) विचारलं, "आई, या रविवारी तू आहेस का?" काय करतेयस, कुठे चाललीयस, असलं काही नाही. आहेस का! ते डोक्यातून जात नाहीये.

आता हाफ खुणावतेय. १.९ किमी पोहणं, ९० किमी सायकल, २१.१ किमी पळणं. नोंदणी येत्या रविवारपर्यंत. सध्या आठवड्याचे सहा-सात तास जातात, ते दहाच्या वर जाणार. नवऱ्याला विचारलं तर "कर की" म्हणाला. वीस वर्षांच्या संसारात मला "कर की"चे चार उच्चार माहीत झालेत. हा तिसरा होता.

तर ज्यांनी हे चाळिशी-पन्नाशीत सुरू केलं त्यांनी लिहा. रोजच्या जगण्यात काय बदललं? घरच्यांनी कसं घेतलं? प्रेरणा नको, ती भरपूर साठलीय.

चक्रम | सोमवार, रात्री ९:३४

सव्वानऊला धागा काढला, साडेनऊला झोपल्या. आम्ही काय भिंतीला उत्तरं द्यायची?

मांजरपाट | सोमवार, रात्री ११:०२

चक्रम, भिंत किमान ऐकून घेते.

चौथा "कर की" कुठला ते आधी सांगा, मग बोलू.

दुसरी खेप | मंगळवार, पहाटे ४:४६

उठले, वाचलं, पोहायला निघाले. चौथ्या "कर की"नंतर आम्ही वॉशिंग मशीन बदललं होतं. एवढंच सांगते.

सुतारपक्षी | मंगळवार, सकाळी ७:४०

वय ५२, सुरुवात ४५ व्या वर्षी. दोन हाफ, बाकी सगळ्या ऑलिंपिक. फुल (३.८, १८०, ४२.२) कधी करणार म्हणून लोक विचारतात. मी सांगतो, पुढच्या जन्मी. या जन्मातले रविवार संपले.

काय बदललं ते आठवेल तसं लिहितो.

गॉगलचे वण. सकाळी सहाला पोहून नऊच्या मीटिंगला बसलो की डोळ्यांभोवती दोन गोल. नव्या साहेबाने एकदा बाजूला घेऊन हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" विशीतल्या पोरांचे वण दहा मिनिटांत जातात. आपली कातडी तेवढी उसळी घेत नाही, माझे जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकतात.

क्लीट, म्हणजे बुटाच्या तळाची पेडलमध्ये अडकणारी पट्टी. पहिल्या वर्षात तीनदा पडलो आणि तिन्ही वेळा वेग शून्य होता. सिग्नलला थांबलो, बूट पेडलमधून सुटेना, आणि सगळ्या चौकासमोर झाड कोसळावं तसा सावकाश आडवा. शेजारच्या गाडीतल्या आजींनी काच खाली करून विचारलं, "मुद्दाम करता का असं?"

ब्रिक. सायकलवरून उतरलं की लगेच पळायचा सराव, त्याला हे नाव. पहिला अर्धा किलोमीटर पाय आपले नसतातच, कुणाकडून तरी उसने आणल्यासारखे वाटतात. पहिल्यांदा वाटलं की आपल्याला काहीतरी झालंय. सगळ्यांनाच होतं, आणि दहा-बारा सरावांनंतर पाय लवकर ताब्यात येतात.

सगळ्यात जड गेलं ते हळू पळायला शिकणं. मधल्या वयात नव्याने पळणारे बहुतेक सगळे ज्या वेगाने पळतात तो चुकीचा असतो. सावकाश म्हणावं तर धाप लागलेली, जोरात म्हणावं तर जोर नाही. सोपी कसोटी अशी, की पळता पळता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. मला सुरुवातीला "हो" आणि "नको" एवढंच जमायचं. वेग इतका कमी केला की मॉर्निंग वॉकवाले काका मला मागे टाकून गेले, वर "येईल, येईल, सवय होईल" असा धीर देऊन गेले. दोन वर्षं अपमान गिळले. मग गुडघे दुखायचे थांबले.

आणि मुलीच्या गणिताच्या वहीवरून ओरडणं कमी झालं. शहाणपणामुळे वगैरे नाही हो. ओरडायला अंगात जोर लागतो.

घरच्यांचं विचारलंत. त्यावर मी लिहू नये, बायकोने लिहावं. ती इथे नाही, हे माझं नशीब.

साळसूद | मंगळवार, सकाळी १०:१५

मी विरुद्ध बाजूने लिहितो, राग मानू नका.

पंचवीस वर्षं खुर्चीत बसायचं आणि चाळिशीचा आकडा दिसला की शरीराला धारेवर धरायचं. तब्येतीसाठी म्हणाल तर रोज तीस-चाळीस मिनिटं भराभर चाला, आठवड्यातून दोनदा वजनं उचला, झोपा. तब्येतीचं बहुतेक काम तेवढ्यात होतं. बाकीचे तास तब्येतीचे नसतात, हौसेचे असतात. हौस जरूर करा, पण मग घरी "हे मी तुमच्यासाठीच करतोय, म्हातारपणी तुमच्यावर भार नको" असलं सांगू नका. आमच्या ऑफिसात एक जण हे रोज ऐकवतो. त्याची बायको त्याचा भार आत्ताच उचलतेय.

चक्रम | मंगळवार, सकाळी १०:२१

साळसूद, नाव बदला.

दुसरी खेप | मंगळवार, दुपारी १:०५

साळसूद, राग कसला. हौसच आहे. मी घरी तब्येतीचं कारण दिलेलं नाही. (एकदा दिलं होतं. चाललं नाही.)

नाडी | मंगळवार, दुपारी ३:३०

मी डॉक्टर आहे, पण तुमची नाही, तेव्हा हे सर्वसाधारण समजा.

हौस की तब्येत ते घरात ठरवा. पण चाळिशीनंतर सुरू करणाऱ्यांनी एक गोष्ट माहीत करून घ्यावी. अमेरिकेतल्या ट्रायथलॉनमधल्या मृत्यूंचा आणि हृदय बंद पडण्याच्या घटनांचा १९८५ ते २०१६ या काळाचा एक अभ्यास आहे. सुमारे ९० लाख सहभाग, त्यात १३५ घटना. म्हणजे दर लाखामागे दोनाहूनही कमी. पण त्या १३५ पैकी ९० पोहण्याच्या टप्प्यात घडल्या, आणि वाढत्या वयाच्या पुरुषांत प्रमाण चढत जातं, साठीपुढे तर बरंच. शवविच्छेदन झालेल्यांपैकी बऱ्याच जणांत आधीपासूनचा हृदयविकार सापडला, ज्याचा त्यांना पत्ता नव्हता.

म्हणून सुरू करण्याआधी तपासणी. घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा. आणि नंतरही: पोहताना छातीत दाब, नेहमीपेक्षा वेगळी धाप, खोकल्यातून फेस किंवा गुलाबी थुंकी, यातलं काहीही झालं तर पोहणं तिथेच थांबवा, उताणे व्हा, हात वर करा. मदतीच्या बोटीला धरून दम खाल्ला तर तुम्ही बाद होत नाही. बोटीने पुढे सरकता येत नाही, एवढाच नियम. हे निम्म्या नवख्यांना ठाऊकच नसतं, ते बोट दिसूनही लाजेखातर दमछाक करत राहतात.

दुसरं, पाणी ढोसू नका. लांबच्या शर्यतीत गरजेपेक्षा जास्त पाणी पिऊन रक्तातलं सोडियम घसरतं, तेही जिवावर बेतू शकतं. तहान लागेल तसं प्या.

टिंब टिंब | मंगळवार, दुपारी ४:१०

नाडी, बोटीची माहिती लाख मोलाची. माझ्या पहिल्या ओपन वॉटरमध्ये मी बोट धरली आणि बोटीतल्या पोराला तीनदा "सॉरी" म्हणालो. तो म्हणाला, "काका, मी यासाठीच बसलोय."

पूलमध्ये रोज दोन किमी पोहणारा मी, उघड्या पाण्यात पहिल्या दोनशे मीटरमध्ये पार घाबरलो होतो. खाली काळी रेघ नाही, तळ दिसत नाही, कुणाचा तरी पाय तोंडावर, आणि डोकं वर काढून बघितलं तर दिशेची खूण म्हणून सोडलेला बोया भलतीकडेच. मी १५०० च्या जागी निदान १८०० पोहलो असेन. उपाय एकच मिळाला. दर सहा-आठ हातांनी मगरीसारखे फक्त डोळे पाण्यावर काढून समोर बघायचं, श्वास नेहमीसारखा बाजूलाच घ्यायचा. पूलमध्येही सराव होतो, शेजारच्या लेनमधले विचित्र बघतात एवढंच.

मांजरपाट | मंगळवार, सायंकाळी ६:५५

अवांतर. हे सगळं कुणाच्या डोक्यातून निघालं माहितेय का? १९७७ मध्ये हवाईत एका पळण्याच्या स्पर्धेच्या बक्षीस समारंभात वाद पेटला, की जास्त दमदार कोण, पळणारे की पोहणारे? जॉन कॉलिन्स नावाचे नौदल अधिकारी म्हणाले, भांडता कशाला, बेटावरच्या तीन मोठ्या स्पर्धा एकाच दिवशी जोडू. लांब पल्ल्याचं पोहणं, बेटाभोवतीची सायकल आणि मॅरेथॉन. फुलचे ते विचित्र आकडे तिथून आले, कुठल्या शास्त्रातून नाही. १८ फेब्रुवारी १९७८ ला १५ जण उतरले, १२ पोहोचले. गॉर्डन हॅलर पहिला, ११ तास ४६ मिनिटं ५८ सेकंद.

माझा लाडका मात्र दुसरा आलेला जॉन डनबार. सायकल संपली तेव्हा तो पुढे होता. पळताना त्याच्या मदतनिसांकडचं पाणी संपलं, तर त्यांनी त्याला बिअर पाजली.

चक्रम | मंगळवार, सायंकाळी ७:०१

आणि तरी दुसरा आला! आता माझी तयारी योग्य दिशेने चालली आहे याची खात्री पटली.

कुंपणावरची | मंगळवार, रात्री १०:४८

मी ट्रायथलॉन करत नाही. माझा नवरा करतो, आठ वर्षं झाली. सुतारपक्षी, तुमच्या बायकोच्या वतीने मीच लिहिते.

पहाटे पावणेपाचला फरशीवर क्लीटचा आवाज येतो. टक, टक, टक. त्याला वाटतं तो दबक्या पावलांनी चाललाय. मग दार अगदी हळू लावायच्या नादात कडी दोनदा वाजते. मी जागी असते. आठ वर्षांत मी हे त्याला सांगितलेलं नाही, कारण सांगितलं तर तो बूट हातात घेऊन जाईल, आणि मग तो गेला कधी तेही मला कळणार नाही.

पहिली दोन वर्षं वाईट गेली. तो घरी असायचा तेव्हाही दमलेला असायचा. मुलांना घेऊन कुठे जायचं म्हटलं तर "आज पाय मोकळे ठेवायचेत." शर्यतीच्या आदल्या रात्री धाकटीला १०३ ताप होता, हा दहाला झोपला, मी पट्ट्या ठेवत बसले. सकाळी जाताना म्हणाला, "काही लागलं तर फोन कर." फोन तर बॅगेत राहणार होता! तो पोहत असणार होता!

भांडण झालं, त्याने माफी मागितली, मेडल आणून माझ्या गळ्यात घातलं. मी ते काढून खुंटीला लावलं. मला मेडल नको होतं.

मग एका महिन्याच्या शेवटी मी वहीत तास मांडले. सराव किती तेवढंच नाही. जाणं-येणं, सायकल पुसणं, बॅग भरणं, सरावानंतर दुपारी झोपणं, फोनवर त्या घड्याळाचे आकडे बघत बसणं. त्याच्या डोक्यात आठवड्याचे नऊ तास होते. वहीत साडेसतरा निघाले. तो बराच वेळ त्या पानाकडे बघत होता. इंजिनियर माणूस, आकड्यावर वाद घालता येत नाही.

मी म्हटलं, सराव कमी करू नकोस. मला त्यातले सहा तास दे. तेव्हापासून शनिवारी सकाळी सात ते एक मी घरात नसते. स्वयंपाक, मुलं, शाळेचं काही, सगळं त्याचं. मी कुठे जाते ते विचारायचं नाही. खरं सांगू? पहिल्या शनिवारी कुठे जायचं तेच सुचेना. गाडी थोडी पुढे नेऊन झाडाखाली लावली आणि सीट मागे करून साडेतीन तास झोपले.

दुसरी खेप, तुमच्या घरात तो तुम्ही आहात आणि मी तुमचा नवरा आहे. वही काढा.

सुतारपक्षी | मंगळवार, रात्री ११:२०

जागा आहे. वाचलं. उद्या पहाटेचा सराव रद्द.

अनुस्वार | बुधवार, सकाळी ९:०५

कुंपणावरची, सलाम. तुमच्या प्रतिसादावर वेगळा धागा व्हायला हवा.

एक टोचलं मात्र, आणि ते तुमच्यामुळे नाही. पुरुष पहाटे निघून जातो तेव्हा घर आपोआप चालू राहतं, कारण आत कुणीतरी जागं असतं. बाई निघते तेव्हा आदल्या रात्री सगळं मांडून निघते. माझे तास वहीत मांडले तर डबे, कणीक, गणवेश हेही सरावाच्याच रकान्यात जातील. धागाकर्तीने वही काढावीच, पण दोन्ही रकाने काढावेत.

आता ज्याबद्दल कुणी बोलत नाही ते. मी ५१. सुरुवात ४६ ला, पाळी जायच्या उंबरठ्यावर. रात्री तीनला घामाने जाग यायचीच, त्यामुळे साडेचारच्या अलार्मचं मला कौतुक उरलं नाही. वर्षभर सरावात नुसती ओढगस्त. हिमोग्लोबिन ठीक, म्हणून सगळे म्हणाले वय झालं. शेवटी फेरिटिन तपासलं, तर शरीरातला लोहाचा साठा तळाला गेलेला. डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या घेतल्या, चार महिन्यांत माणसात आले. पळणाऱ्या बायकांनी हिमोग्लोबिनवर थांबू नये.

हाडांचंही तसंच. पोहणं आणि सायकल हृदयाला उत्तम, पण दोन्हींत शरीराचं वजन पाणी नाहीतर सीट पेलते, हाडांवर भार येत नाही. आपल्या वयात हाडांची झीज वेगाने होते. त्यामुळे पळणं सोडू नका आणि वजनं उचला. साळसूद वजनांबद्दल म्हणाले ते सोळा आणे खरं. ट्रायथलॉनवाले नेमकं तेच गाळतात, कारण त्याचं मेडल मिळत नाही.

आणि शर्यतीचा तो अंगाला चिकटणारा सूट! पहिल्यांदा घालून आरशासमोर उभी राहिले आणि वर टॉवेल गुंडाळून बसले. शर्यतीत चेंजिंग एरियात बघितलं तर सगळी पोटं, सगळ्या मांड्या, सगळी वयं. कुणाला माझ्याकडे बघायला वेळ नव्हता, प्रत्येक जण आपला बूट शोधत होता. तेव्हापासून मी लग्नसमारंभाच्या फोटोतही दंड लपवत नाही.

टिंब टिंब | बुधवार, दुपारी १२:३०

प्रेरणा नको म्हणालात, म्हणून निव्वळ माहिती म्हणून देतो. सिस्टर मॅडोना ब्यूडर, अमेरिकेतल्या ख्रिस्ती जोगीण. पळायला सुरुवात ४८ व्या वर्षी, पहिली ट्रायथलॉन ५२ ला, पहिली फुल ५५ ला. २०१२ मध्ये ८२ व्या वर्षी फुल पूर्ण केली, १७ तासांच्या मुदतीच्या आत. जपानचे हिरोमु इनाडा तर साठीनंतर पोहायला लागले, आणि २०१८ मध्ये ८५ व्या वर्षी हवाईची जागतिक स्पर्धा १६ तास ५३ मिनिटांत संपवली. मुदतीला सहा-सात मिनिटं बाकी असताना.

चक्रम | बुधवार, दुपारी १२:३८

मिलिंद सोमणचं नाव इतका वेळ आलं नाही, संस्थळाचा विक्रम असावा. पन्नाशीला टेकताना, २०१५ मध्ये झुरिकला, १५ तास १९ मिनिटं. आमच्या हिने ती बातमी अजून जपून ठेवली आहे. व्यायामासाठी नाही.

साळसूद | बुधवार, दुपारी २:००

टिंब टिंब, जोगिणीच्या घरी रविवारी कुणी "आहेस का" विचारत नाही. तुलना बरोबर नाही.

मांजरपाट | बुधवार, दुपारी २:०४

रविवारी तिचा मालक तिची सगळ्यात जास्त वाट बघतो हो. (हलके घ्या.)

निवांतपणे | बुधवार, रात्री ८:१५

मी सोडलेला माणूस, माझंही घ्या. ४३ ला सुरू केलं, ४८ ला थांबलो. दुखापत नाही, भांडण नाही. एका सकाळी पूलच्या काठावर पाय सोडून बसलो होतो, घड्याळ सुरू करायचं होतं, आणि जाणवलं की घड्याळ न लावता मी पाच वर्षांत एकदाही पोहलेलो नाही. झोप किती, नाडी किती, सावरलोय किती, सगळं ते मनगटावरचं सांगणार. एकदा चांगला ताजातवाना उठलो, तर त्याने दाखवलं "आज विश्रांती घ्या". मी घेतली, आणि दुपारपर्यंत खरंच थकल्यासारखं वाटायला लागलं!

घड्याळ भाच्याला दिलं. आता आठवड्यातून तीनदा पोहतो. किती ते माहीत नाही.

टिंब टिंब | बुधवार, रात्री ८:४०

अंदाजे किती?

निवांतपणे | बुधवार, रात्री ८:४१

:)

वाचनवेडी | गुरुवार, सकाळी ११:१०

वय ४४, नुकती सुरुवात, एक बाळबोध प्रश्न. वयोगट कसा धरतात? माझा वाढदिवस नोव्हेंबरात आहे, शर्यत जूनमध्ये.

सुतारपक्षी | गुरुवार, सकाळी ११:३२

त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला जे वय असेल ते. म्हणजे जूनमध्येच तुम्ही ४५-४९ मध्ये. ट्रायथलॉन हा एकच खेळ मी असा पाहिला जिथे लोक वय वाढायची वाट बघतात. गट बदलला की आपण त्यात सगळ्यात तरुण. माझा एक मित्र पन्नाशीचा वाढदिवस असा साजरा करत होता जणू बढती मिळालीय.

वाचनवेडी | गुरुवार, सकाळी ११:४०

अरे वा! पहिल्यांदाच नोव्हेंबरचा फायदा झाला.

दुसरी खेप | शनिवार, दुपारी ४:२०

उशिरा आले, माफ करा. बुधवारी रात्री वही काढली. अनुस्वारताई म्हणाल्या तसे दोन रकाने. माझ्या डोक्यात साडेसहा तास होते, निघाले अकरा. दुसऱ्या रकान्यात आदल्या रात्रीची मांडामांड चार तास. नवऱ्याने आधी पहिला रकाना वाचला, मग दुसरा, मग म्हणाला, "हे कणकेचं तू कधी करतेस?" मी म्हटलं, तू बातम्या बघत असतोस तेव्हा. कणीक आता त्याच्याकडे. पहिल्या दिवशीची फार सैल झाली होती.

पण मुख्य अडलं होतं ते वहीत नव्हतंच. मी विचारलं, तुझा तो "कर की" असा का आला? बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, रविवारी सकाळी आपण दोघं पेपर वाचत बसायचो. मी म्हटलं, अरे, पण आपण तेव्हा एक अक्षर बोलायचो नाही. तू पुरवणी घ्यायचास, मी मुख्य अंक. तर म्हणतो, "हो, बोलायचो नाही. पण तू पान उलटल्याचा आवाज यायचा."

यावर काय बोलणार?

तर या हाफची नोंदणी केली नाही. पुढची साडेआठ महिन्यांनी आहे, तिच्यावर डोळा आहे. लांबची राइड शनिवारी गेली, रविवारी सकाळी दहापर्यंत मी घरातून हलणार नाही. सरावाचा सगळा आराखडा त्यामुळे बिघडतो. शनिवारी लांब राइड आणि शुक्रवारी ऑफिस, पाय मोकळे कधी ठेवायचे हा प्रश्न आहेच, कुणी जमवलं असेल तर सांगा.

मुलाचं वेगळंच निघालं. त्याला मी घरात हवी होते असं काही नाही, त्याला यायचं होतं. आज सकाळी राइडनंतर पार्किंगमध्ये टी-वनचा सराव केला, पोहून आल्यावर सायकल घेऊन निघायचा. तो स्टॉपवॉच घेऊन उभा. मी टोपी-गॉगल काढल्याचं नाटक केलं, बूट चढवले, सायकल उचलली, आणि हा ओरडला, "आई, पेनल्टी!" हेल्मेटचा पट्टा लावायच्या आधी मी सायकलला हात लावला होता. नियम त्याने रात्री बसून वाचले होते. चार वेळा करायला लावलं. शेवटची वेळ १ मिनिट ५० सेकंद, आणि त्याच्या मते त्यातली तीस सेकंद मी मोज्यांवर वाया घालवते.

कुंपणावरची | शनिवार, सायंकाळी ५:०५

मोज्यात आधीच पावडर टाकून ठेवा, ओला पाय झटकन जातो. आठ वर्षं ऐकून ऐकून मलाही पाठ झालंय.

मी आज नदीकाठी गेले होते. (विचारलं नाहीत, म्हणून सांगितलं.)

सुतारपक्षी | शनिवार, सायंकाळी ५:३०

शुक्रवारी पोहा. पाण्यात पायांना फारसं काम नाही, शनिवारला ताजे राहतात. पळणं मंगळवारी आणि गुरुवारी, ब्रिक शनिवारीच राइडला जोडून पंधरा-वीस मिनिटं. वजनं बुधवारी. सोमवारी काही नाही, आणि काही नाही म्हणजे खरंच काही नाही.

माझ्याही घरी वही निघाली. आकडा इथे देत नाही.

साळसूद | शनिवार, रात्री ९:५०

धागा वाचत होतो. एक विचारायचं होतं. स्प्रिंटसाठी साधी, सरळ हँडलची सायकल चालते का? मित्रासाठी विचारतोय.

चक्रम | शनिवार, रात्री ९:५२

मित्राचं वय काय?

साळसूद | शनिवार, रात्री ९:५९

३१ डिसेंबरला ५०.

सुतारपक्षी | रविवार, सकाळी ६:१०

चालते की. दोन्ही ब्रेक लागले पाहिजेत आणि हँडलच्या टोकांना बुचं हवीत, ती नसली तर तपासणीतच अडवतात. मित्राला सांगा, क्लीटच्या भानगडीत इतक्यात पडू नको, साधे बूट बरे. आणि सिग्नलला आधी डावा पाय टेक.